विशेष मुलांच्या दिनक्रमात कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्य

पेण आणि रोहा हे रायगड जिल्ह्यातील दोन शेजारी तालुके. पेणच्या गणेशमूर्ती, हमरापूर-जोहे परिसरातील मूर्तींचे कारखाने आणि पेणचे पोहे-पापड यांची ख्याती सर्वदूर आहे. रोहा हे कुंडलिकेच्या काठचे गाव धाटावच्या औद्योगिक वसाहतीमुळे आणि कोकण रेल्वेचा मार्ग तेथून सुरू होतो म्हणून वाचकांस परिचित असेल. ह्या दोन्ही तालुक्यांतील काही कुटुंबांचा एक प्रश्न मात्र सहसा चर्चेत येत नाही. मूल वेळेवर बोलत नाही, हाक मारली तरी पाहत नाही, शाळेत बसवत नाही, अक्षरे ओळखता ओळखता थकून जाते. मग मुंबई किंवा पनवेलच्या खेपा सुरू होतात. एका खेपेत घरातील एका माणसाचा दिवसाचा रोज बुडतो. तज्ज्ञ पाऊण तास मुलाला पाहतात, चार गोष्टी सांगतात आणि पुढची तारीख देतात. त्या दोन तारखांच्या दरम्यान घरात काय करावयाचे, हा खरा प्रश्न होय. अलीकडे ज्याचा सर्वत्र बोलबाला आहे त्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा उपयोग नेमका ह्या मधल्या काळासाठी कितपत होऊ शकेल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, अवधानाची उणीव व अतिचंचलता ह्या सर्व अवस्था मेंदूच्या जडणघडणीच्या काळातच उद्भवतात. तो आजार नव्हे. औषधाने बरा होण्यासारखा ताप तर मुळीच नव्हे. पूर्वी सरकारी कागदपत्रांतही ‘मतिमंद’ हा एकच शब्द सरसकट वापरला जाई व त्यामुळे निरनिराळ्या गरजा एकाच पोत्यात भरल्या जात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले व त्यांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांना स्वतंत्र स्थान दिले. ह्या अवस्था विरळा आहेत असे समजण्याचे कारण नाही. हरियाणातील पलवल, हिमाचलातील कांगडा, ओडिशातील ढेंकानाल, हैदराबाद आणि आपल्या शेजारचा उत्तर गोवा अशा पाच ठिकाणी झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. श्रवणदोष व अपस्मार यांसह विकासाशी निगडित नऊ अवस्थांपैकी किमान एक अवस्था असलेल्या ६ ते ९ वर्षे वयाच्या मुलांचे प्रमाण ठिकाणपरत्वे शेकडा ६.५ ते १८.५ इतके आढळले. शंभर पटसंख्येच्या शाळेतील शिक्षकाने ह्या आकड्यांवरून आपला अंदाज बांधावा.

तासांचा हिशेब

आठवड्याचे तास १६८. उपचारतज्ज्ञाकडे आठवड्यातून एक तास मिळाला, आणि ग्रामीण भागात तेवढा मिळणे हेही भाग्यच, तरी उरलेले १६७ तास मूल घरी, शाळेत, अंगणात असते. दात घासणे, कपडे घालणे, दुकानातून मीठ आणणे, पाहुण्यांसमोर बसणे हे सारे शिक्षण त्याच तासांत होते वा राहून जाते.

हे तास सामान्य माणसांच्या हातून कारणी लागू शकतात, याला पुरावा आहे. गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे ६५ स्वमग्न बालकांच्या कुटुंबांचा समावेश असलेला एक प्रयोग झाला व त्याचे फलित २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात आईवडिलांना मार्गदर्शन करणारे कार्यकर्ते तज्ज्ञ डॉक्टर नव्हते, तर थोडे प्रशिक्षण घेतलेले स्थानिक लोक होते. तरीही मुलांशी संवाद साधण्याच्या पालकांच्या पद्धतीत फरक पडला आणि मुले आपणहून अधिक वेळा संवाद सुरू करू लागली. ह्या प्रयोगात कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हती. होते ते जवळ राहणारे, भाषा जाणणारे, पुन्हा पुन्हा भेटणारे माणूस. यंत्राचा विचार करताना हा धडा पहिल्याने लक्षात ठेवावयास हवा, कारण यंत्राने मदत करावयाची आहे ती अशा माणसाला.

पेण येथे व रोह्यासही सुहित जीवन ट्रस्ट ही स्वयंसेवी संस्था विशेष मुलांसाठी काम करीत आली आहे. समग्र शिक्षा अभियानाखाली गट साधन केंद्रांतून समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक शाळांना भेटी देतात. अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्त्या तर गावातच असतात. मनुष्यबळ थोडे असले तरी अगदीच नाही असे नव्हे. अडते ते असे की, प्रत्येक मुलासाठी वेगळे साहित्य तयार करावयास कोणालाच सवड नसते.

यंत्र काय करते आणि काय करीत नाही

ज्या संगणकीय प्रणालींशी आज मोबाइलवर मराठीत बोलता येते, त्यांनी अफाट मजकूर वाचून कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचे गणित साधलेले असते. त्यामुळे त्या क्षणार्धात पत्र लिहितात, कठीण परिच्छेद सोपा करून देतात, एका कामाच्या दहा पायऱ्या पाडतात. आपल्या वाचकांपैकी पंचायत सदस्यांना ही गोष्ट अगदी अपरिचित नसावी. ग्रामसभेच्या ध्वनिमुद्रणावरून इतिवृत्त तयार करून देणारी ‘सभासार’ ही प्रणाली केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये त्रिपुरातून सुरू केली. तिच्या मुळाशी असलेल्या ‘भाषिणी’ ह्या राष्ट्रीय भाषा उपक्रमात मराठीचाही समावेश आहे.

परंतु यंत्राला आपले मूल ठाऊक नसते. ते कशाला घाबरते, त्याला किती अंक मोजता येतात, घरातील पाण्याचे पिंप कोठे आहे, ह्यांतील काहीही त्याने वाचलेले नाही. विचारले नाही तर ते अंदाजाने ठोकून देते, आणि तेही मोठ्या आत्मविश्वासाने. म्हणून यंत्राकडून मिळालेला मजकूर हा कच्चा खर्डा समजावा. कचेरीत लिपिकाने तयार केलेला खर्डा अधिकारी जसा वाचल्याशिवाय सही करून धाडीत नाही, तसेच येथेही.

एका कामाच्या पायऱ्या

उदाहरणादाखल असे समजू की, पेण तालुक्यातील वीस वर्षांचा एक बौद्धिक दिव्यांग तरुण मूर्तींच्या कारखान्यात पांढऱ्या रंगाचा पहिला हात देण्याचे काम शिकत आहे. रंग तो बरा देतो. काम संपल्यावर ब्रश धुणे मात्र रोज राहते आणि दुसऱ्या दिवशी ब्रश वाळून दगड झालेला असतो. त्यावरून बोलणी बसतात. नोकरी टिकणे वा जाणे हे पुष्कळदा अशाच बारीक गोष्टीवर अवलंबून असते.

‘ब्रश धुण्याची सूचना लिहून दे’ एवढेच यंत्रास सांगितले तर साधारण असे वाक्य येईल: ‘वापर झाल्यानंतर ब्रश स्वच्छ पाण्याने नीट धुऊन जास्तीचे पाणी काढून टाकावे व योग्य जागी ठेवावा.’ आपल्याला यात काही उणे दिसत नाही. पण ज्याला हे वाचून काम करावयाचे आहे त्याच्या दृष्टीने ‘नीट’, ‘जास्तीचे’ आणि ‘योग्य’ हे तीनही शब्द पोकळ आहेत. नीट म्हणजे किती? योग्य जागा कोणती?

आता यंत्रास अधिक माहिती द्यावी. वाचणारा वीस वर्षांचा आहे, दहापर्यंत मोजतो, एका वाक्यात एकच कृती हवी, पाण्याचा डबा निळा आहे, ब्रश खिडकीतल्या पत्र्याच्या डब्यात ठेवतात, काम पुरे झाले हे त्याला डोळ्यांनी दिसले पाहिजे. मग मिळणारा खर्डा, थोडी काटछाट करून, असा होईल: निळ्या डब्यात पाणी घे. ब्रश पाण्यात बुडव. दहा मोजेपर्यंत हलव. पाणी ओतून दे. पुन्हा पाणी घे. पुन्हा दहा मोज. पाणी पांढरे दिसते का? दिसले तर आणखी एकदा धू. ब्रश फडक्याला पूस. पत्र्याच्या डब्यात उभा ठेव, केस वर. झाले.

येथे ‘तू’ म्हटले आहे, कारण हे शब्द त्याच्या घरच्या माणसाच्या तोंडचे असावयास हवेत. प्रत्येक पायरीसाठी त्याच डब्याचे, त्याच खिडकीचे छायाचित्र मोबाइलवर काढावे. यंत्राने रंगविलेली चित्रे सुबक असतात, परंतु त्यांतील डबा दुसराच असतो व मुलगा तो डबा शोधीत बसतो. वाचता येत नसेल तर ह्याच ओळी आईने किंवा थोरल्या भावाने आपल्या आवाजात ध्वनिमुद्रित कराव्यात. पहिल्या दिवशी कोणीतरी शेजारी उभे राहून ह्या क्रमाने काम करवून घ्यावे आणि जेथे तो अडेल तेथे खूण करावी. समजा तो ‘पाणी पांढरे दिसते का’ येथे अडला, तर स्वच्छ पाण्याचा एक पेला शेजारी ठेवावा, म्हणजे तुलना करता येईल. अशी दुरुस्ती यंत्राला सुचत नाही. ती पाहणाऱ्यालाच सुचते.

आठ-पंधरा दिवसांनी सवय जडली की पायऱ्या कमी करीत न्याव्यात. दहाच्या सहा, सहाच्या तीन, आणि शेवटी भिंतीवर नुसते ब्रशाचे चित्र. आधार देण्याइतकेच तो वेळेवर काढून घेणे महत्त्वाचे असते. नाहीतर मोबाइल बोलल्याशिवाय हात हलत नाही अशी नवी परावलंबी अवस्था निर्माण होण्याचा धोका आहे, व ह्या धोक्याची चर्चा यंत्रे विकणारे सहसा करीत नाहीत.

उत्सवाची पूर्वतयारी

काही स्वमग्न मुलांना अचानक होणारा मोठा आवाज सहन होत नाही. पेणसारख्या गावात भाद्रपदात ढोलताशे टाळणे अशक्यच. रोह्याला दसऱ्याच्या सुमारास ग्रामदैवत श्री धावीर महाराजांची पालखी निघते, पोलिसांची मानवंदना होते, सारे गाव रस्त्यावर असते. त्या दिवशी मुलाला खोलीत कोंडून ठेवणे हा काही उपाय नव्हे. त्यालाही गावाचा उत्सव आहे.

अमेरिकेतील शिक्षिका कॅरोल ग्रे यांनी १९९० च्या सुमारास प्रचारात आणलेली ‘सामाजिक कथा’ ही पद्धत येथे उपयोगी पडते. पुढे काय घडणार आहे ते मुलाच्या दृष्टीने, छोट्या वाक्यांत, आधी सांगून ठेवावयाचे: पालखी येईल. आधी ढोल ऐकू येतील. आवाज मोठा असेल. मी कान झाकू शकतो. मला नको वाटले तर मी आजीचा हात ओढीन. आजी मला घरात नेईल. पालखी पुढे गेली की आवाज कमी होईल.

असा मजकूर यंत्र चटकन लिहून देते, पण त्याला गोड बोलण्याची खोड आहे. ‘तुला ढोल खूप आवडतील, तू सर्वांबरोबर नाचशील’ अशी वाक्ये ते हमखास घालते. ती निर्दयपणे खोडावीत. जे घडण्याची खात्री नाही ते लिहू नये. कथेत आजी घरात नेईल असे म्हटले असेल तर त्या दिवशी आजीने खरोखरच तेथे असले पाहिजे. एकदा का कथा खोटी ठरली की पुढच्या कथेवर मूल विश्वास ठेवीत नाही.

बोलीचा अडसर

ह्या भागात आणखी एक अडचण आहे. पेण व परिसरातील आगरी बोलीत ‘ळ’ च्या जागी ‘ल’ आणि ‘ण’ च्या जागी ‘न’ येतो. ‘डोळा’ चा ‘डोला’ होतो, ‘पाणी’ चे ‘पानी’ होते. डोंगरपट्टीतील कातकरी कुटुंबांची घरची बोली तर आणखी निराळी. मुळातच अस्पष्ट बोलणारे मूल, त्यात ही बोली, आणि समोर पुस्तकी मराठीवर वाढलेले यंत्र! बोललेले ओळखणाऱ्या प्रणालीने गफलत केल्यास नवल नाही. परंतु तेवढ्यावरून मूल चुकीचे बोलते असा शेरा मारला जाऊ नये. भाषा घरचीच ठेवावी, यंत्राचा मजकूर आपण त्या बोलीत फिरवून घ्यावा.

जी मुले बोलतच नाहीत त्यांच्यासाठी चित्रांवर बोट ठेवून बोलण्याची साधने आहेत. आय.आय.टी. मुंबईत तयार झालेले ‘जेलो’ हे मोबाइलवरील साधन मराठीतही उपलब्ध आहे. चित्रावर बोट ठेवले की यंत्र तो शब्द उच्चारते. ही काही मोठी बुद्धिमत्ता नव्हे, पण ‘भूक लागली’ आणि ‘पोट दुखते’ यांतला फरक आईला कळणे याचे मोल कोणत्याही बुद्धिमत्तेहून कमी नाही. शक्य असेल तेथे प्रारंभ अशा साध्या साधनाने करावा.

वाचन-लेखनात अडखळणाऱ्या मुलांच्या बाबतीत महाराष्ट्राने १९९६ मध्येच शालान्त परीक्षेत सवलती देण्यास आरंभ केला होता. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेली वाचनदोषाची चाचणी इतर भाषांबरोबर मराठीतही आहे. अशा विद्यार्थ्याला धडा मोठ्याने वाचून दाखविणे आणि तो बोलेल ते उतरवून घेणे ही दोन कामे आता साधा मोबाइल करू शकतो. इतिहासाचे उत्तर येत असूनही केवळ लिहिता येत नाही म्हणून नापास होणाऱ्या मुलाला ह्याचा फार मोठा आधार वाटेल.

निदान यंत्राचे नव्हे

येथे एक सीमारेषा स्पष्ट आखली पाहिजे. ‘माझा मुलगा असे असे करतो, तो स्वमग्न आहे का?’ हा प्रश्न मोबाइलला विचारण्याचा मोह पालकांना आणि शिक्षकांनाही होतो. त्याचे उत्तर निदान मानू नये. ह्या क्षेत्रात संशोधन चालू आहे हे खरे. गोव्यातील ‘संगथ’ ही संस्था आणि तिचे सहकारी यांनी साध्या आरोग्य कार्यकर्त्यांना वापरता येईल असे ‘स्टार्ट’ नावाचे टॅबलेटवरील साधन तयार केले. दिल्लीत १३१ लहान मुलांवर केलेल्या चाचणीत त्याने आशादायक अचूकता दाखविली. तेही संशोधक त्यास चाळणीच म्हणतात. अंतिम निर्णय नव्हे. अमेरिकेत २०२१ मध्ये अशाच एका निदान-साहाय्यक प्रणालीस शासकीय मान्यता मिळाली. तिच्या चाचणीत सुमारे दोन तृतीयांश मुलांच्या बाबतीत प्रणालीने ‘ठरविता येत नाही’ असेच उत्तर दिले होते. प्रस्तुत लेखकाच्या मते हा त्या प्रणालीचा गुण आहे. सर्वसाधारण मोबाइलवरील यंत्रांना असे गप्प बसणे अजून तितकेसे जमत नाही.

संशय आला तर मार्ग ठरलेला आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघर येथे झाला. त्याखाली अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळांतील मुलांची एकदा तपासणी होते आणि विकासातील विलंब हा त्या तपासणीचा भाग आहे. पथक गावात येईल त्या दिवशी मुलाला घरी न ठेवता समोर आणावे. आपण पाहिलेल्या गोष्टी तारीखवार टिपून ठेवल्यास डॉक्टरांचे काम सुकर होते, आणि विस्कळीत टिपणे सुसूत्र करून देण्यास यंत्राची मदत अवश्य घ्यावी. चेहऱ्यावरून मुलाच्या भावना ओळखण्याचा दावा करणाऱ्या साधनांपासून मात्र शाळांनी दूर राहावे. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२५ पासून शिक्षणसंस्थांत अशा वापरावर, थोडे अपवाद सोडून, बंदीच घातली आहे. स्वमग्न मुलाचा चेहरा नेहमीच्या ठोकताळ्यांत बसत नाही, हे त्याच्या आईला यंत्राच्या आधीपासून ठाऊक असते.

माहितीची गोपनीयता हाही ह्याच सीमेवरचा विषय. संसदेने २०२३ मध्ये संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात बालकांची, तसेच कायदेशीर पालक नेमलेल्या दिव्यांग व्यक्तींची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती घेण्याची तरतूद आहे. तिची वाट न पाहता शिक्षकांनी एवढे पथ्य आजच पाळावे की, यंत्रास मुलाचे नाव, गाव, शाळा, छायाचित्र किंवा दिव्यांगत्वाचा दाखला देऊ नये. वर दिलेल्या ब्रशाच्या उदाहरणात ह्यांपैकी कशाचीही गरज पडली नाही. अठरा वर्षांवरील व्यक्तीला तर तिला समजेल अशा भाषेत विचारूनच पुढे जावे. तिच्याबद्दलचे साहित्य तिच्या परोक्ष तयार व्हावे, हे सभ्यपणाचे नाही.

ग्रामपंचायतीच्या हाती काय आहे

कायद्याने मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे तो ६ ते १८ वर्षांपर्यंत. अठराव्या वर्षानंतर ह्यांतील पुष्कळशी मुले घरी बसतात आणि शाळेत शिकलेले हळूहळू विसरतात. आपल्या राज्याने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा आहे. लहान ग्रामपंचायतीत ही रक्कम फार मोठी नसते व बहुधा ती वस्तुवाटपात संपते. वस्तूंची गरज असेल तेथे त्या द्याव्यातच. परंतु दोन-तीन ग्रामपंचायतींनी मिळून गट साधन केंद्रातील विशेष शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली शाळेच्या खोलीत महिन्यातून दोन दुपारी पालकांना एकत्र बोलाविले, एक टॅबलेट आणि एक छपाईयंत्र ठेवले, तर वर सांगितलेल्या प्रकारच्या पायऱ्यांची पत्रके प्रत्येक मुलासाठी तेथेच तयार होतील. गावातील बारावी झालेली एखादी मुलगी यंत्र चालविण्याचे काम सहज शिकू शकेल. पत्रक कसे वापरले, मूल कोठे अडले, हे पुढच्या दुपारी पालकांनी सांगावे आणि तेथल्या तेथे दुरुस्ती व्हावी. ज्या कुटुंबांकडे स्मार्टफोन नाही त्यांना कागदावरचे छापील पत्रक पुरते; यंत्र घरोघरी असण्याची आवश्यकता नाही.

हा खर्च निधीतून करावयाचा तर तो आराखड्यात आधी यावा लागतो. ग्रामपंचायत विकास आराखड्याच्या ग्रामसभा २ ऑक्टोबरपासून सुरू होतात. त्यापूर्वी अंगणवाडी सेविका व मुख्याध्यापक यांच्याकडून गावातील अशा मुलांची आणि तरुणांची संख्या, नावे जाहीर न करता, घ्यावी. ज्यांचे वैश्विक दिव्यांग ओळखपत्र निघालेले नाही त्यांचे अर्ज त्याच वेळी भरून घ्यावेत, आणि ज्या दुपारी पालक येऊ शकतील ती दुपार त्यांनाच विचारून ठरवावी, कारण भातकापणीच्या दिवसांत कोणीही येणार नाही.